कापडी टपाची गाडी

आमच्या गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की आठवड्याच्या आत मला विचारायचं, “सर, अंगणातली ती गाडी कुणाची?” मी सर नव्हतो. लातूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस होतो. परीक्षानळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आणि प्रॅक्टिकलच्या वेळी पोरं हात भाजून घेतील त्यांना नळाखाली धरायचं, एवढंच माझं काम. पण लातुरात शिकवण्यांचं पीक आल्यापासून कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस सर झाला होता, तसा मीही झालो. “बहिणीसाठी घेतलीय,” मी सांगायचो. हे इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज सांगायला हरकत नाही, कारण ज्या माणसासमोर लाज वाटावी ते माणूस आता नाही.

आक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला तिनंच न्हाऊ-माखू घातलं, मारलं आणि शाळेत नेऊन बसवलं. तिचं सासर किल्लारीच्या पट्ट्यातलं. तिकडची घरं दगडाची, भिंती दोन-दोन हात जाड आणि वर माळवद, म्हणजे लाकडं टाकून त्यावर मातीचा थर. माळवद गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्याच्या तोंडाला वरून आणखी माती टाकायची पद्धत. आज्यानं टाकली, बापानं टाकली, दाजीही टाकत होते. काटकसरी माणूस, पण माळवदाला माती टाकताना हात आखडत नसत. त्या वर्षीही त्यांनी दोन गाड्या माती चढवली होती.

गणपती बुडवून दमलेलं गाव झोपलं होतं तेव्हा भूकंप झाला. दाजी गेले, दोन्ही पोरं गेली. आक्का दुपारपर्यंत त्या मातीखाली होती. तिला बाहेर काढलं तेव्हा अंगणात तिची देवणी गाय दाव्याला बांधलेली तशीच उभी होती, नुसती हंबरत होती. पुढं कुणी आक्काचं सांत्वन करायला आलं आणि ‘देवाची मर्जी’ म्हणालं की आक्का एकच उत्तर द्यायची. “गाय उघड्यावर व्हती, म्हून जगली.” यापलीकडं तिनं देवाशी आणि माणसांशी कधी वाद घातला नाही.

मी तिला लातूरला आणलं ते मदतीच्या ट्रकच्या उघड्या हौद्यात बसवून. तेव्हा अख्खं लातूर बाहेर झोपत होतं. अंगणात, रस्त्यावर, कॉलेजच्या मैदानावर. नंतर धक्के कमी झाले तसे लोक एकेक करत आत गेले. आधी म्हातारेकोतारे, मग पोरंबाळं, शेवटी आम्ही. आक्का गेली नाही. दिवसा ती उंबऱ्याच्या बाहेर बसूनच भाजी निवडायची. जेवायला ताट बाहेर लागायचं. झोपायची अंगणात, वाकळ अंथरून. पाऊस आला तर अंगावर प्लास्टिकचा कागद ओढून बसायची, पण पडवीत यायची नाही. सरकारनं भूकंपवाल्यांना आधी पत्र्याची शेडं दिली होती, त्यातही ती एक दिवस राहिली नव्हती, शेडाबाहेरच पडून असायची. पत्र्याचं तर तिला स्लॅबपेक्षा जास्त भय. जमीन जरा हलली की पत्रा थडथड वाजायचा, आणि तो वाजला की शेडातली सगळी बायामाणसं किंचाळत बाहेर पळायची. तो आवाज तिच्या कानात बसला होता.

डॉक्टर म्हणाले, “एकदा छताखाली झोप लागली की भीती मोडेल. एकदाच.” पाहुणे म्हणाले, गल्लीतले म्हणाले, बायकोही म्हणाली. मग तेच माझ्या डोक्यात बसलं. मरायच्या आधी आक्काला एकदा तरी छताखाली शांत झोप लागावी. मी काही मोठा माणूस नाही, आयुष्यात दुसरं काही मागितलंही नव्हतं. हे मात्र मनापासून मागितलं.

आता गाडी. प्रयोगशाळेचं काचसामान आणायला मला वर्षातून दोनदा नांदेडला पाठवायचे. अशाच एका खेपेला जुन्या वस्तीतल्या एका वाड्याच्या आवारात ती दिसली. विलायती, निजामाच्या काळातली, लांब नाकाची. रंग कधीकाळी सायीसारखा असावा, आता गाळ धरलेल्या चहाचा झाला होता. टप कापडाचा, मागं दुमडून ठेवता येणारा. त्यावेळी तो दुमडलेलाच होता आणि दुमडीत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी लहान असताना मुदखेडला मामाकडं गेलो की अशीच एक उघडी गाडी वरातीला यायची. त्यात नवरदेव बसायचा आणि आम्ही पोरं धूळ खात मागं पळायचो. नवरदेवाचं मला काही वाटायचं नाही. मला ती गाडी हवी असायची. माझ्या लग्नात मी आणि बायको बैलगाडीतून गेलो. ती गोष्ट मी कधी बोललो नाही, पण विसरलोही नाही.

गाडीचे मालक सत्तरीचे गृहस्थ. त्यांचे वडील निजामाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. गाडी चालते का विचारलं तर ते प्रामाणिकपणे म्हणाले, “चलती तो नै. मगर खडी अच्छी रैती.” एवढ्या खऱ्या बोलण्यावर शहाणा माणूस परत फिरला असता. मी कोंबडी उठवून आत बसलो आणि हात स्टिअरिंगवर ठेवला. वर आभाळ होतं. त्या क्षणी मला आक्का आठवली, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आधी मुदखेड आठवलं. आक्का आठवली ती गाडी घ्यायला सबब शोधताना.

सबब मात्र भक्कम होती. आक्का एसटीत बसत नसे. डोक्यावर लोखंड नको. तिला गावाकडं जायचं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जायची, नाहीतर चालत. मित्र म्हणाले, “मग जीप घे की! जीपलाबी कापडाचाच टप असतो. चालूबी असते.” बरोबर होतं त्यांचं. मला जीप नको होती. किंमत इथं सांगत नाही. ती ऐकली तर बायको पुन्हा नव्यानं भांडेल.

ट्रकच्या मागं दोर बांधून गाडी लातूरला आणली. लोहा, अहमदपूर, चाकूर. सगळी वाट मी मागं स्टिअरिंग धरून बसलो होतो. ट्रकचा धूर आणि रस्त्याची धूळ तोंडात जात होती आणि मी हसत होतो. घरी पोचलो तेव्हा बायकोनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “अहो, ही उघडीच आणली? हिला झाकण नाही?” मी अभिमानानं टप ओढून दाखवला. टपाला इतकी भोकं होती की त्यातून बायकोचा चेहरा नीट दिसत होता.

आक्का भाजीचं ताट बाजूला ठेवून उठली. गाडीभोवती एक फेरा मारला. टपाचं कापड दोन बोटांत धरून चुरलं.

“हे कापडच हाय न्हव? वर लोखंड न्हाई?”

“नुसतं कापड. पडलं तरी लागत नाही.”

“कापडाखाली माणूस मरत न्हाई,” ती म्हणाली आणि दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली. पदर डोक्यावरून घेतला, मांडीवर हात ठेवले. भूकंपानंतर पहिल्यांदाच ती कशाच्या तरी आत बसली होती. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं भांडण तात्पुरतं मागं घेतलं.

त्यानंतरची दोन वर्षं गाडी चालू करण्यात गेली. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीचं लग्न निदान एकदा लागतं तरी. इथं पाण्याचा पंप बसवला की तेल गळायचं. तेल थांबलं की ब्रेक जायचे. एक पार्ट हैदराबादेहून आणला तर तो दुसऱ्याच गाडीचा निघाला, मग तो कानशीनं घासून घासून बसवला. गॅरेजवाला म्हणायचा, “सर, हिला माणसं लागतेत तसली आता मेलीत.” दर रविवारी मी गाडीखाली असायचो. आक्का शेजारी बसून पाने हातात द्यायची. कुठला पाना कुठं लागतो ते तिला माझ्या आधी कळायला लागलं. मी चुकीचा नट पिळला की ती नुसतं “उं” करायची.

शेवटी गाडी चालली. एकदाच म्हणण्याजोगी चालली. नव्या वसवलेल्या गावात आक्काला एक घर मिळालं होतं, सरकारी, स्लॅबचं. त्याची किल्ली घ्यायला जायचं होतं. टप मागं टाकला आणि निघालो. औशापर्यंत आक्का डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसली होती. पुढं मोकळं रान लागलं, वारा लागला, आणि तिनं तो पदर खाली घेतला. मी आरशात बघत होतो. तिचे केस एवढे पांढरे झालेत हे मला तेव्हाच कळलं. नव्या गावात तिनं घराचं कुलूप उघडलं, दारातनं आत पाहिलं, पुन्हा कुलूप लावलं आणि येऊन गाडीत बसली. परतताना इंजिन तापून फुटलं. राहिलेली वाट एका ट्रॅक्टरनं ओढत आणलं. आक्का टप उघडा ठेवून शांत बसली होती आणि रस्त्यावरची माणसं वरात बघावी तशी आमच्याकडं बघत होती. गॅरेजवाल्यानं इंजिनाला हात लावला आणि म्हणाला, “आता हार घाला हिला.” त्यानंतर गाडी चालली नाही.

मी दुःखी होतो. पण त्या पावसाळ्यात एक गोष्ट घडली. श्रावणाची झड लागली होती. प्लास्टिकच्या कागदाखाली बसून बसून आक्काला खोकला लागला. एका सकाळी बघतो तर ती अंगणात नाही. गाडीचा टप वर ओढलेला आणि मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन आक्का झोपलेली. तिच्या अंगावर दोन ठिकाणी टपातनं पाणी टिपकत होतं, तरी ती झोपली होती. मी बायकोला बोलावून दाखवलं. आम्ही दोघं चोरासारखे खिडकीत उभे राहून बघत होतो. कापडाचं का होईना, छत होतं.

मग मी इंजिनाचा नाद सोडला आणि टपाच्या मागं लागलो. नांदेडला टांग्यांचे टप शिवणारे एक चाचा होते. आज्यापासूनचा धंदा, आता टांगे संपले म्हणून सोफ्याच्या गाद्या शिवत होते. ते माप घ्यायला स्वतः आले. त्यांनी गाडीच्या नाकावर उकिडवं बसून दोरी ताणली, खडूनं खुणा केल्या. आक्का आतच बसून होती, ती काही बाहेर येईना. चाचांनी कारण विचारलं नाही. त्यांनी तिच्या डोक्याच्या वरचं माप दोनदा घेतलं आणि म्हणाले, “आपा, इदर एक खिडकी रखतूं. हवा आती.”

“हवा नगं,” आक्का म्हणाली. “वर काय हाय ते दिसलं पायजे मला.”

पंधरा दिवसांनी चाचा टप घेऊन आले. जाड हिरवं कॅनव्हास, कडेला दुहेरी शिवण, पितळी टिचबटणं. आणि मागच्या सीटच्या बरोबर वर हातभर लांबीची एक झडप, आतून उघडता येणारी, पाऊस आला की बटणं लावून बंद करायची. आक्कानं झडप उघडून पाहिली, मिटली, पुन्हा उघडली. चाचा जाताना मला म्हणाले, “पानी से कपडा नै मरता भाई, धूप से मरता. साये में रखो, दस साल जाता.” हे वाक्य मी लक्षात ठेवलं. ठेवायला नको होतं.

चार वर्षं आक्का त्या गाडीत झोपली. सकाळी उठली की सीट झाडायची, काचा पुसायची, पितळेला चिंच लावून घासायची. चाकं कधीच बसली होती, पण गाडी लखलखीत होती. त्याच वर्षांत लातूर बदललं. गावोगावची पोरं-पोरी शिकवण्यांसाठी येऊन पडू लागली आणि आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या अंगणात खोल्या उठल्या. ज्यांनी भूकंपानंतर वर्षभर स्लॅबखाली पाऊल टाकलं नव्हतं, तीच माणसं आता स्लॅबवर स्लॅब चढवत होती. आम्हीही मागं राहिलो नाही. परसात तीन खोल्या बांधल्या आणि मुली ठेवल्या. प्रत्येक खोलीत तीन कॉट, भिंतीवर वेळापत्रक. पहाटे पाचला तिन्ही खोल्यांतून पाठांतराचा आवाज यायचा. आक्का म्हणायची, “ह्या पोरी काय जप करून राहिल्या?”

एकदा मुखेडकडचे एक गृहस्थ मुलीला ठेवायला आले. भले माणूस. खोली पाहिली, नळ पाहिला, मग अंगणात थबकले. आक्का गाडीत पाय पसरून पडली होती, पाय दारातून बाहेर. त्यांनी हळूच विचारलं, “त्या बाई गाडीत का राहतात?” मी म्हणालो, “राखण करतात.” त्यांनी मान हलवली, पण मुलीला पलीकडच्या घरात ठेवलं. आक्कानं माझं बोलणं ऐकलं असणार. संध्याकाळी तिनं पाय आत घेऊन दार लावलं, आणि तेव्हापासून दार नेहमी लावूनच झोपायची. मला तिची लाज वाटली होती. हे लिहायला नको वाटतं, पण वाटली होती.

मग मला अक्कल सुचली. टप उन्हानं विरत चालला होता, एका शिवणीतून गळायलाही लागला होता. त्यावर सावली करायची. गाडी एकदा नीट झाकली की टपही टिकेल, आक्काला पाऊसही लागणार नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते गॅरेज वाटेल. आक्का दरसाल गणपती बुडाल्यावर दोन दिवस गावाकडं जायची, जुन्या घराच्या जागेवर बसून यायची. त्या दोन दिवसांत मी काम उरकलं. चार लोखंडी अँगल रोवले, वर नवे कोरे पत्रे ठोकले, कडेनं हिरवा रंग दिला. स्वतः टपाची उसवलेली शिवण शिवली. दाभण बोटात घुसलं तरी थांबलो नाही. सगळं झाल्यावर गाडीत आडवा होऊन पाहिलं. गार सावली होती. आक्का खूश होईल म्हणून मीच आधी खूश झालो. बायको म्हणाली, “बरं दिसतंय.” तिलाही काही आठवलं नाही. दोघं नवराबायको एकाच वेळी कसे विसरलो, याचा विचार मी अजून करतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आक्का आली. ट्रॉलीतून उतरली, फाटकात उभी राहिली. शेडाकडं बघत राहिली. मी म्हणालो, “बघ, आता गळायचं नाव नाही.” ती हळूहळू चालत गाडीपाशी गेली, दार उघडलं, आत जाऊन सीटवर पडली. हात वर करून झडपेची बटणं काढली.

वर पत्रा होता.

तेवढ्यात कुठल्या तरी खोलीतल्या मुलीनं वाळत घातलेला टॉवेल ओढला आणि दोरी शेडाच्या अँगलला बांधलेली होती. पत्रा थडथडला. आक्का अशी बाहेर आली की तिचा पदर दारात अडकून फाटला. अंगणाच्या मधोमध जाऊन ती उघड्या आभाळाखाली उभी राहिली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. चार वर्षांची मेहनत, बोटात घुसलेलं दाभण, सगळं एकदम वर आलं आणि मी सगळ्या पोरींसमोर तिच्यावर ओरडलो. “पत्रा आहे तो! पत्र्यानं कुणी मरत नाही! अजून किती वर्षं करायचं हे?”

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी खोटं बोललो की बघायची तशी.

“तू बी इसरलास,” ती म्हणाली.

सकाळी ती वाकळ गुंडाळून नव्या गावाला निघून गेली. किल्ली तिच्या कमरेला होतीच.

मी तिला आणायला लगेच गेलो नाही. आपलं काही चुकलं नाही असं मला आठवडाभर वाटत होतं, आणि चुकलं हे कळल्यावर जायला तोंड नव्हतं. दिवाळीला साडी घेऊन गेलो. ती घराच्या बाहेर, ओट्यापुढं उघड्या जमिनीवर वाकळ टाकून राहत होती. घर स्वच्छ झाडलेलं, कुलूपबंद. तिनं मला चुलीवरचा चहा दिला आणि विचारलं, “टपाला पाणी न्हाई न लागत आता?” टोमणा नव्हता. तिला खरंच त्या टपाची काळजी होती. मी म्हणालो, “आक्का, मी पत्रे काढतो. तू चल.” ती म्हणाली, “काढ. मग येते.”

एक शेड उतरवायला अर्धा दिवस लागतो. मला नऊ महिने लागले. मुलींच्या सायकली तिथं लागायला लागल्या होत्या. पत्रे काढायला येतो म्हणालेला माणूस आला नाही. मग परीक्षा आल्या, निकाल आले, नवीन वर्षाच्या मुली आल्या. रोज सकाळी कॉलेजला जाताना मी शेडाकडं बघायचो आणि रविवारी काढू म्हणायचो. कुणी मला थांबवलं नव्हतं.

पुन्हा श्रावण आला आणि झड लागली. चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाच्या दुकानात फोन आला की आक्काला ताप आहे, बाहेरच पडून आहे, कुणाचं ऐकत नाही. मी शिडी लावली आणि भर पावसात पत्रे उचकटले. पाने, हातोडा, जे हातात येईल त्यानं. बायको छत्री धरून खाली उभी होती. “बैल गेला अन् झोपा केला,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. पत्रे काढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की अशा तापात तिला इथवर आणायचं कशातून? गाडी काही चालत नव्हती. मग मी टपच काढला. एकेक टिचबटण, एकेक पट्टा. चाचांची शिवण मजबूत होती, सहज सुटेना. अंधार पडला, शेवटची एसटी गेली होती. सकाळी पहिल्या एसटीनं निघालो. टपाची गुंडाळी मांडीवर होती. तिच्या दारासमोर चार बांबू रोवून तो बांधायचा, झडप तिच्या डोक्यावर येईल असा, हे मी वाटेत मनाशी नीट ठरवलं होतं. बांबू कुठून मिळतील तेही ठरवलं होतं.

फाट्यावर उतरलो तेव्हा पाऊस उघडला होता. तिच्या घरासमोर माणसं उभी होती. दार उघडं होतं. शेजारीण मला बघून पुढं आली, खांद्यावरची गुंडाळी बघून जरा बावचळली, मग माझा हात धरून सांगायला लागली. तिला मला धीर द्यायचा होता.

“काल सांजंपासून शुद्धच न्हवती, भाऊ. एवढ्या पावसात भाईर कसं ठिवावं? चौघांनी उचलून आत नेलं, खाटंवर निजिवलं. पहाटं गेल्या. पर येक सांगते, शेवटाला तुमची आक्का छताखाली झोपली बघा. तुमी लई वर्सं झटलात त्याच्यासाठी. वरडल्या न्हाईत, काई न्हाई. गप पडून व्हत्या.”

मी विचारलं, “डोळे?”

“उघडेच व्हते,” ती म्हणाली. “वर बघून राहिल्या व्हत्या. मीच मिटले सकाळी.”

टप दाराशी टेकवून मी आत गेलो. आक्काकडं आधी बघवलं नाही, म्हणून खाटेशेजारी उभं राहून वर बघितलं. चार दिवसांच्या पावसातही स्लॅब कोरडा ठणठणीत होता, कुठं एक थेंब गळत नव्हता.